उजवा पाय

माझं काम एवढंच :
दुसऱ्याची टाच धरायची
आणि कड्यातल्या खोबणीत नेऊन ठेवायची.
बाप हेच करायचा, त्याचाही बाप.
तिग्रायच्या ह्या तांबड्या सुळक्यावर
पार वर, गिधाडांच्याही वर,
खडकात कोरलंय प्रभूचं घर.
वाट नाही. खोबणी आहेत.
चपला खालीच काढायच्या.

गेल्या रविवारी अब्रेहेत आली.
पाठीला ऐंशी दिवसांची मुलगी बांधलेली,
शेल्याच्या टोकाला भाजलेल्या सातूची गाठ.
मुलाचा बाप्तिस्मा चाळिसाव्या दिवशी,
मुलीचा ऐंशीव्या, असा आमचा नेम.
निम्म्यावर, जिथं कडा हातभर उरतो
आणि खाली नुसता वारा,
तिथं ती थांबली.
खडकाला गाल लावून म्हणाली,
"पहिल्यालाही इथंच आणला होता.
तेल लावलं, पाणी घातलं, नाव दिलं.
पावसाळा ओलांडला नाही त्यानं.
मग कशाला चढू?"

पाठ होतं मला बरंच.
त्यातलं एकही ओठावर आलं नाही.

तोफांच्या त्या दोन वर्षांत
चामड्याचा ग्रंथ छातीशी बांधून
ह्याच कपारीत मी रात्र काढली होती
आणि हाक मारली होती.
वरून कुणी ओ दिली नाही.
खाली कुत्री भुंकली, तेवढंच.
तेव्हापासून आत गेलो की खांबामागे उभा राहतो,
सगळे गातात तेव्हा नुसते ओठ हलवतो.
आबा तेक्लेंना ठाऊक आहे.
ते बोलत नाहीत काही,
फक्त माझ्या हाती देतात ती मेणवात
इतरांपेक्षा बोटभर लांब असते.

"तुझा तरी आहे का रे विश्वास?" तिनं विचारलं.
मी म्हणालो, "उजवा पाय."

ती हसली की रडली, खालून कळेना.
मला दिसत होता तो तळवा,
भेगांत शेण अडकलेला, थरथरणारा.

पाय ठेवण्याआधी खोबणीत बोटं घालून
मी वाळू झाडतो. हजारदा झाडलीय.
त्या दिवशी बोटं आतच राहिली.
छिन्नीचं काम नव्हतं ते.
कडा तुपासारखी मऊ, आत चार बोटं खोल.
इतकी खोल कशानं झाली असेल?
धीट माणूस टेकतो आणि उचलतो, खडकाला पत्ताही नसतो.
झिजवतो तो भ्यालेला,
जो जागीच अडतो, अंगठा रोवतो,
जीव मुठीत धरून घोटत राहतो तीच जागा.
शेकडो वर्षांची भीती इथं अडून बसली
आणि तिचीच पायरी झाली.

थोमा आठवला.
त्याला कुणी दाराबाहेर काढलं नव्हतं.
जखम पुढे केली होती, घाल म्हणून.
मी खडकाच्या कुशीत बोटं घालून उभा,
आणि खडक, शपथेवर सांगतो,
ऊन होता.
सूर्य अजून पलीकडं होता तेव्हा.

"अब्रेहेत," मी म्हणालो,
"इथं तुझ्याआधी कुणीतरी असंच थांबलंय.
तिच्या भीतीत पाय ठेव."
बराच वेळ काही नाही.
मग टाच जड झाली,
म्हणजे तिनं भार टाकला.

वर पाणी गार होतं. मुलगी किंचाळली,
छतावरचे रंगवलेले देवदूतही दचकले असतील.
तिर्हास, आबांनी नाव उच्चारलं.
अब्रेहेतनं डोळे मिटले नाहीत.
ती पाण्याकडे टक लावून बघत होती,
जुनी उधारी असलेल्या दुकानदाराकडे बघावं तशी.
पण बघत होती.
मी खांबामागेच होतो.
एका ओळीपुरता आवाज फुटला, भसाडा.

उतरताना मी पुढे, म्हणजे खाली.
उतरणाऱ्याला खोबण दिसत नाही,
पाय आंधळा सोडावा लागतो.
माझी टाच धरायला खाली कुणी नाही
असं बावीस वर्षं समजत आलो.
पाय सोडला.
होती.
गुडघे कापत होते, ते आजही कापतात.
वरून अब्रेहेत ओरडली, "थांबलास का?"
"वाळू झाडतोय," मी म्हणालो.
"डावा सोड."