खंड

रविवारी दुपारी दोन ते चार
अमळनेरला, बोरीच्या पुलापलीकडच्या शाळेत
चौथी 'ब'च्या वर्गात आम्ही बसतो.
देविदास बोरसे कंडक्टरचे गुडघे बाकात मावत नाहीत.
तो आडवा बसतो,
तिकिटं मोजावी तशी अंगठ्यानं वहीची पानं मोजत.

पहिल्या रविवारी मी फळ्यावर वेळापत्रक लिहिलं:
पहाटे चार ते सहा, वाचन.
कुणी काही बोललं नाही.
मग नसरीन पिंजारी म्हणाली,
मॅडम, चारला नळ येतो. पाचव्या दिवशी.
मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच.
मीही, जरा उशिरा.

तेव्हापासून वेळापत्रक पाण्यापासून सुरू होतं.
पाण्याचा दिवस: काही नाही.
त्याच्या दुसऱ्या दिवशी: संशोधन पद्धती.
कपाशी वेचणीचे पंधरा दिवस: फक्त कानानं.
मीच प्रकरणं वाचून मोबाईलवर पाठवते,
मागच्या कुकरच्या शिट्ट्यांसकट.
हिरालाल पावरा म्हणतो,
तिसऱ्या शिट्टीला तुमचा मुद्दा संपतो,
मला तसाच पाठ होतो.

ललिता भदाणेला एमएसडब्ल्यू करायचंय.
बीए झालं त्याच उन्हाळ्यात लग्न,
मग दोन पोरं, मग सासऱ्यांचा अर्धांगवायू,
त्यांचं अंथरूण सात वर्षं.
अर्जात रकाना आहे: शिक्षणातील खंड (वर्षे).
तिनं चौदा लिहिलं,
एवढ्या बारीक आकड्यात की मला चष्मा काढून बघावं लागलं.

खंडासाठी प्रतिज्ञापत्र लागतं.
तहसीलबाहेरच्या टायपिस्टकडे मजकूर तयार असतो,
नाव बदलायचं, वर्षं बदलायची.
'सदर कालावधीत मी कोणतेही शिक्षण घेतले नाही
व कोणताही कामधंदा केला नाही.'
ललितानं ते दोनदा वाचलं.
वर्गात ती कधी अहिराणी बोलत नाही. तिथं बोलली:
काहीच काम कयं नही? हाई खोटं शे, मॅडम.

सगळ्यांचं असंच असतं बाई, टायपिस्ट म्हणाला.
मी काहीतरी बोलायला हवं होतं.
पण शुक्रवार होता, मुदत सोमवारपर्यंत,
आणि शिक्केवाले साहेब खुर्ची मागे सरकवत होते.
तिनं सही केली.
मी करायला लावली, असं म्हणा.

त्या रविवारी निबंध:
हा अभ्यासक्रम मला का करायचा आहे. तीनशे शब्द.
'लहानपणापासून आवड' कुणी लिहायचं नाही, एवढी एकच अट.
ललितानं लिहिलं,
माणसाला दर दोन तासांनी कुशीवर कसं वळवायचं
म्हणजे पाठ चिघळत नाही.
दिव्यांग दाखल्यासाठी जळगावला पाच फेऱ्या,
कोणती खिडकी जेवणानंतर उघडतच नाही,
आणि सहाव्या फेरीला
गल्लीतल्या तिघांना तिनं सोबत कसं नेलं.

सहाशे अकरा शब्द. मी मोजले, ते माझं कामच.
तासभर आम्ही काटत बसलो.
खिडकी मी काटू दिली नाही.
जेवणाची वेळ तिनं काटू दिली नाही.
'माझ्या पतींनी मला परवानगी दिली'
हे वाक्य तिनं आपणहून खोडलं,
आणि खोडून दाराकडे बघितलं.
पायरीवर तिचा नवरा बसला होता,
धाकट्याला मेहरूणची बोरं एकेक पुसून देत.
तिथून त्याला काही दिसणार नव्हतं.
तिनं पुन्हा एकदा गिरवून खोडलं.

परीक्षा एकोणीस तारखेला, धुळ्याला, सकाळी नऊ.
साडेपाचची गाडी देविदासचीच आहे,
तो म्हणाला, दोन मिनिटं थांबवीन, तीन नाही.
मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजत गेले.
पाण्याचा दिवस निघाला.

तुझ्या टाक्या मी भरते, नसरीन म्हणाली,
चावी तेवढी उंबऱ्याजवळच्या कुंडीत ठेव.
तिची स्वतःची परीक्षा
त्याच्या पुढच्या पाण्याला आहे.