चार बोटं

तोओ-आशूचा उतार संपतो तिथं
तोक्तोसुनचं गॅरेज: एक जुना मालडबा, एक खड्डा,
आणि खड्ड्यात मी.
बाकीच्या ट्रकचा आधी आवाज येतो, मग ट्रक.
मिर्झाबेकचा कमाझ आधी दिसायचा,
सरळ रस्त्यावर, झोप अनावर झालेल्या घोड्यासारखा
जरा इकडे, जरा तिकडे.
मागे तलासचा राजमा, अकरा टन.

"टायरची हवा बघ," खाली न उतरताच म्हणाला.
हवा बरोबर होती.
"मग वारा असेल."
सुसामिरमध्ये वाऱ्याला नावं ठेवणं सोपं,
तो ऐकायला थांबत नाही.

तोक्तोसुननं पुढच्या टायरवर तळहात फिरवला.
बाहेरून आत, गुळगुळीत.
आतून बाहेर, करवत.
मग वर चढला, स्टिअरिंगवर खडूची रेघ ओढली.
"इंजिन चालू ठेव. फिरव. हळू."
रेघ सरकली एक बोट, दोन,
चाक झोपलेलंच.
तीन.
चौथ्या बोटाला कुठं त्यानं कूस बदलली.

मिर्झाबेकनं दोन्ही हात मांड्यांखाली सारले,
छडी चुकवणाऱ्या पोरासारखे.
"वर्ष झालं," म्हणाला, "घरी सांगितलं नाही.
मी वळतो, गाडीला उशिरा कळतं.
थरथर कोपरापर्यंत चढते.
एकसष्ट वर्षांचे हात आहेत हे,
तू रेघा कशाला मारतोस?"

"खाली बघ," तोक्तोसुन मला म्हणाला,
"दांड्यांकडे नको. सांध्यांकडे."
मी बॅटरी धरली. वर त्यानं स्टिअरिंग डावं-उजवं हलवलं
आणि ड्रॅगलिंकचा गोळा वाटीत घोळला,
तोंडात कुरुतचा खडा घोळतो तसा.
जॅक लावला, चाकाखाली पहार घालून उचललं,
तर किंगपिनही बोलली: टक्.

"हात नाहीत!" मी खड्ड्यातून ओरडलो,
"हात नाहीत हे!"

वर बराच वेळ काहीच नाही.
मग दार उघडलं. बूट दिसले, एकाची नाडी सुटलेली,
मग गुडघे, मग चेहरा,
सांडलेल्या तेलात गाल टेकून.
"परत हलवा," म्हणाला.
"परत."
सात वेळा हलवायला लावलं आम्हाला.

नव्या बुशा, नवा बॉल जॉइंट, अंधार पडायला आला.
आता अर्ध्या बोटातच चाक जागं होतं.
तोक्तोसुनच्या बहिणीनं चहा ओतला.
आमच्याकडे वाटी अर्धीच भरतात, पाहुणा थांबावा म्हणून.
मिर्झाबेकनं ती उचलली, दोन्ही हातांनी.
चहाच्या कडेला बारीक लाट उठली
पंप चालू असावा तशी.
इंजिन तर केव्हाच बंद होतं.

तोक्तोसुननं पाहिलं. मीही.
मग त्यानं खडू खिशात टाकला
आणि विचारलं,
उद्या बोगद्यापाशी बर्फ पडेल का रे?