मुदत

गुरुवारची रात्र. रुवीच्या मागचे उघडे डोंगर
दिवसाची धग अजून थोडी थोडी सोडताहेत.
टेबलापाशी आम्ही तिघं:
मी, भाच्याचा जुना लॅपटॉप,
आणि हॉस्पिटलचं पत्र, ज्यात माझी सव्वीस वर्षं
एका आकड्यात बसवलीत, शेवटच्या बैसांसकट.

श्रीरंग फोनवर समजावतो. त्याला पुढची मीटिंग आहे.
"मावशी, व्याजदर चढले की जुन्या बाँडचा भाव पडतो.
मुदत जितकी लांब, तितका जास्त."
म्हणजे कागद खोटा नसतो,
मध्येच मोडायला गेलं तर कमी हाती येतं.
कळलं. करार अर्ध्यात टाकून निघालेल्या
सिस्टर तंगमणीचंही तेच झालं होतं.

पहिला फंड वीस वर्षांच्या सरकारी रोख्यांचा.
उत्पन्न बरं दिसतं. मग आलेख उघडला
आणि माझा हात आपसूक नाडी शोधू लागला:
हा एवढा उतार! ड्यूटीवर असते
तर डॉक्टरांना झोपेतून उठवलं असतं.
मी अठ्ठावन्नची. हे पिकणार कधी?
"फंड पिकत नाही मावशी,
जुने कागद विकतो, नवे घेतो.
तो कायम वीस वर्षांचाच."
नशीबवान आहे.

दुसरा रोखीचा. दोन-तीन महिन्यांचे सरकारी कागद.
सरळ रेघ, किंचित चढती.
आमच्या वॉर्डात सरळ रेघ दिसली की धावायचं असतं,
इथे म्हणे तीच तब्येतीची.
पण दर उतरले की हिचा हप्ताही
मुकाट्याने बारीक होत जातो,
पेशंटचं वजन घटावं तसा,
घरच्यांच्या लक्षात सगळ्यात शेवटी येतो.

खर्च शेकड्याला सात पैसे.
बँकेतला टायवाला मुलगा मागत होता दीड रुपया
आणि देत होता "हमखास नऊ टक्के."
हमखास म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे मी बघत नाही,
हातांकडे बघते.
तो पेनचं टोपण सारखं उघडत होता, लावत होता.

यासीन दळवी, आमची मशीन दुरुस्त करणारे, दापोलीकडचे,
कडक चहाचे दोन कागदी कप घेऊन आले होते दुपारी.
"व्याज नको मला, सिस्टर. सुकूक घेतलेत.
भाडं येतं, पुरतं."
बुडत नाही ना, मी विचारलं.
"भाडं कुठलंही बुडू शकतं.
दुकान कुणाचं आहे ते आधी बघायचं."

सव्वीस वर्षं एक तारखेला
मी एक्स्चेंजच्या रांगेत उभी.
अण्णांची औषधं, धाकट्याची फी, पत्रे काढून स्लॅब,
दोन लग्नं, त्यातलं एक दोनदा.
दर चढो, उतरो, माझा हप्ता हलला नाही.
एक तारखेला घरून फोन यायचा: "आले का?"
म्हणजे पैसे.
"आली का?" असं
दोन वर्षांतून एकदा विचारायचे, विमानतळावरून,
तेही ट्रॉलीवरच्या खोक्यांकडे बघत.
राग नाही. आठवलं, इतकंच.

मग मी वहीत लिहिलं, पेनने, खोडायचं नाही म्हणून:
दोन वर्षांचं जेवणखाण, वीजबिल, दातांचं काम, रोखीत.
बाकीचं एक ते तीन वर्षांच्या रोख्यांत.
आणि त्या कायम विशीतल्यात
चिमूटभर. का, ते श्रीरंगला सांगणार नाही.

वहिनीचा मेसेज. ग्रॅच्युइटीचं कळलेलं दिसतंय.
"आले का गं?"
मी लिहिलं, "येते."
दोन निळ्या खुणा. मग बराच वेळ काही नाही.

गॅलरीत एसीचं पाणी बादलीत पडतंय.
थेंब मोजायची सवय जात नाही: मिनिटाला बावीस.
रात्रभरात कढीपत्त्यापुरतं साचतं,
ऑगस्टच्या दमटात जरा जास्त.
जूननंतर ह्याला पाणी कोण घालणार?
दळवींना विचारायला हवं,
त्यांच्या खिडकीला ऊन येतं का ते.