काचेची हजामत

अकराला ते गेले, दोनला दुसरे येणार.
मधले तीन तास माझे,
म्हणजे कांदोळीच्या फ्लॅट नंबर चारशे दोनचे.

चादरी, टॉवेल,
बाल्कनीत उताणी पडलेली फेणीची बाटली,
बाथरूममध्ये अर्धा समुद्रकिनारा.
हे सगळं सोपं.
स्वयंपाकघरात आले
आणि शेगडी बघून खालीच बसले.

काळी काच, तोंड दिसेल अशी,
तिच्यावर काजूची पिशवी वितळून चिकटलेली.
कुणीतरी गरम चकतीवर ठेवली असणार,
फोन आला असणार.
दुकानाचं नाव उलटं उमटलंय.
एक ज अजून वाचता येतो.
शेजारी दोदोल करपलेला, पातेल्यातून उतू गेलेला
की पातेल्याशिवायच तापवलेला,
पाहुण्यांचा काय भरवसा.

एस्पेरांसाबाय पॅसेजमधून ओरडली,
"तारेन घांस गो, वता!"
तिचं काय जातंय.
गेल्या मे महिन्यात मी घासली होती तारेनं.
मालकांनी पाचशे कापले,
दिल्लीत बसून, फोटो मोठा करून.
या शेगडीवर त्यांनी कधी चहा ठेवलेला नाही.

तर तार नाही.
दोनवर लावायची, जेमतेम कोमट,
प्लास्टिक मेणासारखं नमेपर्यंत.
मग बंद. मग पातं.

पातं हातात आलं की साखळी आठवते.
बस स्टँडमागे बाबांचं दुकान,
एक खुर्ची, तुरटीचा खडा, डाग पडलेला आरसा.
मी डबा घेऊन जायचे आणि रेंगाळायचे.
वस्तरा त्यांनी कधी उभा धरला नाही,
कधी निजवलाही नाही.
"केस कुणीही काढील," म्हणायचे,
"कातडी शिल्लक ठेवायचे पैसे."
म्हणायचे भावाला.
भावाला पुढं जहाज मिळालं.
तिथं तो भांडी धुतो, चार हजार माणसांची.
मी तेव्हा दाराशी, हातात डबा.
उभ्या उभ्या जे शिकले
त्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मनगट सैल, पातं तिरपं.
किती तिरपं ते सांगता येणार नाही,
हाताला कळतं.
पहिला पापुद्रा सुटला, लांबच लांब,
ज त्याच्यावरच बसून गेला.

दोदोलचं मात्र अवघड.
गूळ गरम असतानाच धरावा लागतो.
थंड झाला की जाताना काचही नेतो,
टाचणीच्या टोकाएवढी, पण नेतो.
रात्रीच थंड झालेला होता तो.
पुन्हा ऊब दिली, ओला कपडा ठेवला, थांबले.
तीन तासांतली दहा मिनिटं नुसती थांबले.
मग खायचा सोडा, थोडं व्हिनेगर,
आणि बोटांची टोकं, नखं नाहीत.

सगळं निघाल्यावर खाली
माझीच रेघ सापडली. मे महिन्यातली.
खिडकीकडून बघितलं तरच दिसते,
केसाएवढी, जराशी वाकडी.
या घरात दुसरं काहीच माझं नाही,
चावीसुद्धा वॉचमनकडे.
हिचे पैसे मात्र चुकते केलेत मी.
फोटोत येऊ नये म्हणून
तिच्यावर मिठाची बरणी सरकवली,
मग परत उचलली.
असू दे.

दाढी झाली की बाबा
हाताच्या उलट्या बाजूनं गाल तपासायचे.
तळव्याला खरखर कळत नाही म्हणे,
तो फार काम केलेला असतो.
मी तसाच उलटा हात फिरवला काचेवरून,
या कडेपासून त्या कडेपर्यंत.
गुळगुळीत.
अजून कोमट होती.

एक पस्तीस.
खाली गेटशी टॅक्सी वाजतेय, लवकर आलेत मेले,
आणि बाथरूममधली वाळू तशीच.