सहापैकी तीन तारा

ओटकर व्हर्बा म्हणाला,
गिटारला सहा तारा असतात हे आधी विसर.
आपल्याला तीन पुरतात.
सगळ्यात जाड एक,
मग एक सोडून पुढच्या दोन.
बाकीच्या मुक्या ठेव,
बोटाचं पोट नुसतं टेकवून,
झोपत आलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवावा तसं.

माझ्या भुवयांत जिनिंगचा कापूस अडकलेला.
त्याच्या गॅरेजात ट्रॅक्टरचा सुटा गिअरबॉक्स,
बिटाच्या लोणच्याच्या बरण्या,
आणि पोट पुढे आलेली ती जुनी गिटार.
तिला ना वायर, ना स्पीकर.

तिसरा पडदा. पाचवा. सहावा. सातवा.
दोन ठोके एका घरात, की हललं बिऱ्हाड.
त्याच्या हाताखाली जी नुसता जी राहायचा नाही,
त्यात सहावा सूर मिसळलेला असायचा,
म्हातारे गुराखी कॉफीत मीठ टाकतात, तेवढाच.

"दाब. आता सैल कर.
उचलू नकोस रे, सैल.
सूर लांबला की नाचणाऱ्याचा पाय चिखलात जातो."
हे ऐकताना दोन हिवाळे गेले.
बोटांना घट्टे पडले, चक् काही येईना.
यायचं ते खण्ण.

आणखी एक म्हणायचा:
तू ऐकू आलास तर चुकलास.
थांबलास आणि कुणाला कळलं नाही,
तरी चुकलासच.

शनिवारी ब्राझोसपलीकडचा हॉल.
फरशीवर मक्याचं पीठ भुरभुरलेलं, बूट घसरावेत म्हणून.
हर्शलच्या फिडलला टाळ्या,
ऑब्रीच्या स्टील गिटारला त्याहून जास्त.
ओटकर मागे, ड्रमच्या कुशीत, लोखंडी खुर्चीवर,
उधारीची वही लिहीत बसलेल्या दिवाणजीसारखा.
समोर त्याची लुद्मिला
एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांबरोबर नाचत आलेली.
औषधवाल्याबरोबर, धाकट्या दिराबरोबर,
एकदा तर नव्या पाद्रीबाबाबरोबर.
तो तिच्या तोंडाकडे बघायचा नाही.
तिच्या हिरव्या बुटांकडे बघायचा
आणि हात चालवायचा.

ऑक्टोबरात वादळ आलं, वीज गेली.
ऑब्रीचा सूर चढता चढता मध्येच मेला.
माइक मेला. गाणारा नुसताच तोंड उघडून.
अंधारात उरलं फिडल,
आणि त्याखाली
चक्. चक्. चक्. चक्.
इतकी वर्षं ऐकत होतो, ते पहिल्यांदा ऐकलं.
एकही पाय थांबला नव्हता.

कुणीतरी पिकअप दाराशी वळवून आणला,
हेडलाइटचा पिवळा झोत फरशीवर, पिठावर.
ओटकरने गिटार माझ्या छातीवर ढकलली,
"धर," म्हणाला.
मधले दोन ठोके हर्शलने टाचेने भरले.
आणि तो उतरला खाली.

सांगतो, विश्वास ठेवा की नका ठेवू,
त्या माणसाला नाचता येत नव्हतं.
पहिल्याच ठोक्याला चुकीचा पाय.
अर्धा ठोका मागे, मग घाईने पुढे,
मोठ्ठे बूट, कुठे ठेवावेत कळेना.
लुद्मिला त्याला ओढतेय, हसतेय,
तिच्या डोळ्यांत पाणी, आणि हिरवे बूट
त्याच्या पायाखाली पुन्हा पुन्हा.

मलाही हसू फुटलं, बोट ढळलं,
आणि पाचवी तार मोकळीच वाजली,
खण्ण.
हॉलमध्ये कुणाला पत्ता नाही.
फक्त तिच्या खांद्यावरून
एक मान माझ्याकडे वळली.

गाणं संपलं. घामाने निथळत तो स्टेजच्या कडेशी आला.
वाटलं, गिटार मागेल.
"पाचवी तार," एवढंच म्हणाला
आणि वळला परत तिच्याकडे.

वीज आली तेव्हा पिकअपवाला बाहेर धावला,
बॅटरी उतरली असती.
ऑब्री वायर चाचपू लागला.
मी दाबलं. सैल केलं.
दाबलं.