दुरुस्तीपत्रक

सिमला ऑफिसच्या आवारात एकतीस वर्षं
मी पारा वाचला.
सकाळी साडेआठ. थंडी असो, घरी तापलेलं पोर असो.
पांढऱ्या झडपांची पेटी उघडायची,
श्वास रोखायचा, कारण श्वासानेही पारा चढतो,
आणि गुडघे वाकवून डोळा आणायचा
नेमका पाऱ्याच्या पातळीला.
वरून पाहिलं की एक आकडा, खालून पाहिलं की दुसरा.

प्रत्येक तापमापकासोबत एक कागद यायचा.
हा दहाच्या आसपास एक दशांश जास्त दाखवतो,
तिशीला दोन दशांश कमी.
म्हणजे बनवणाऱ्यानेच लिहून दिलेलं,
आमच्या लेकराची ही खोड आहे, सांभाळून घ्या.
मला त्या कागदाचा कायम आदर वाटला.
लग्नपत्रिकेसोबत असा एखादा आला असता तर...
जाऊ दे.

वारज्याच्या आमच्या सोसायटीत
दिवाळीनंतर फाटकावर यंत्र बसवलं.
बोट ठेवा. हिरवा दिवा. हजर.
चंद्रभागाबाई लोखंडेंना हिरवा लागत नाही.
तीन जिने फिनेलने, वर चार घरची भांडी,
बोटांच्या रेघा तारेच्या घासणीने कधीच नेल्या.
यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
त्या पदराला बोट पुसतात, पुन्हा करतात.
पदर तरी कुठे कोरडा असतो.
शेवटी उदगीरचा वॉचमन त्यांना बाजूने सोडतो.

मार्चची हजेरी निघाली: अकरा दिवस.
जिने एकतीसही दिवस पुसलेले होते.
मीटिंगमध्ये निमकर म्हणाले,
"यंत्र खोटं बोलत नाही."
माना हलल्या. चहा आला.
कप कुणी विसळले होते ते विचारू नका.

अहो निमकर,
खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं.
तुमच्या यंत्राकडे दोन्ही नाही.
आणि याच्यासोबतचा कागद कुठाय?
पावती आहे, वॉरंटी आहे,
खोड लिहिलेला कागद कुठाय?

आता माझंही सांगते, कुणी विचारलेलं नसलं तरी.
ब्याऐंशीचा जानेवारी. मी पोचलेच सव्वानऊला
आणि वहीत साडेआठचा आकडा लिहिला,
अकरा पूर्णांक चार. अंदाजाने.
चांगला अंदाज होता.
तो अजून आहे. कुणाच्या तरी आलेखात ठिपका होऊन,
शेजारच्या खऱ्या ठिपक्यांना टेकून बसलाय.
तेव्हा माणूस भला आणि यंत्र वाईट
असलं काही माझ्या तोंडी घालू नका.
मला पारा आवडायचा. तो कुणाचा नातेवाईक नव्हता.
माझं म्हणणं एवढंच, की चूक कुणाच्या खात्यावर पडते ते बघा.
माझी वहीत जिरली.
यंत्राची, चंद्रभागाबाईंच्या वीस दिवसांच्या पगारात.

रामनगरच्या रात्रवर्गात, चाळिशीत,
त्या सही शिकल्या.
बँकेत पहिल्यांदा "अंगठा नको" म्हणाल्या
त्या दिवशी पेढे वाटले. मलाही दोन.
आणि आम्ही शिकलेली माणसं
रोज सकाळी त्यांच्याकडे पुन्हा बोट मागतो.

काल मी यंत्राखाली कागद चिकटवला, सुवाच्य अक्षरात:
'दुरुस्ती. फिनेल-घासणीचे हात हे यंत्र गैरहजर दाखवते.
वाचताना हजर धरावे.'
दुपारी निमकरांनी ओरबाडला.
डिंक घरचा होता, खालची पट्टी राहिली:
हजर धरावे.
वॉचमनने तिथेच खिळ्याला वही टांगली,
दोरीला पेन.

आज सकाळी चंद्रभागाबाई सही करत होत्या.
मी मागे. गुडघे आता ऐकत नाहीत,
तरी वाकून, पातळीला येऊन पाहिलं.
लोखंडेमधला ख
किंचित डावीकडे कलतो.