जुई नर निघाली

दुकानदार म्हणाला होता, दोघी बहिणी आहेत.
म्हणून जाई आणि जुई.
मार्चमधल्या एका सकाळी
हडर्सफील्डच्या या मागच्या शेडमध्ये
खाणं टाकायला गेलो,
तर कोपऱ्यात पांढरी लोकर साचलेली,
आणि ती लोकर श्वास घेत होती.

जाईची छाती उघडी, गुलाबी.
स्वतःचेच केस उपटून उपटून
तिनं बाळंतविडा केलेला,
आणि आत बोटभर, बिनकेसांची, मिटल्या डोळ्यांची
सहा.
नाही, सात. एक तळाशी दडपलेलं.

जुईला तसंच उचलून बाथरूममध्ये कोंडली.
कोंडला.
जीभ अजून वळत नाही.

दिवसभर जाई पिल्लांकडे ढुंकूनही बघेना.
दुसऱ्या टोकाला वाळलं गवत खात बसली.
मला वाटलं, टाकलं हिनं.
कुंपणावरून डेरिक म्हणाला, "लव्ह, हात लावत बसू नकोस."
(इकडे म्हातारे पुरुषही पुरुषाला लव्ह म्हणतात.
न दचकायला मला अकरा वर्षं लागली.)
"पहाटे येईल, पाच मिनिटं पाजेल, निघून जाईल.
जवळ बसून राहिली तर कोल्ह्याला पत्ता लागेल ना."

कराडहून फोनवर आई:
"निखाऱ्यावर ओवा टाक, शेक दे."
"आई, सशाला?"
"मग? बाळंतीणच ना ती."

तिसऱ्या दिवशी सातवं घरट्याबाहेर पडलेलं,
नदीतल्या गोट्यासारखं गार.
ओजस दारातच थांबला. "मेलं?"
मुग्धा नुकतीच नाइट करून आलेली,
अंगात कोट, गळ्यात हॉस्पिटलचा पट्टा.
"गार आहे तोवर मेलं म्हणायचं नाही," म्हणाली,
"आधी ऊब, मग काय ते."
माझ्या शर्टाची दोन बटणं तिनंच काढली.
"असं धर. मान सांभाळ."

मान सांभाळ.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
ओजस झाला तेव्हा मी इथं होतो,
नव्या नोकरीत, व्हिसाच्या कागदांत,
आणि तो साताऱ्याला
चार इंचांच्या काचेमागे रडत होता.
आवाज आधी यायचा, तोंड मागून हलायचं.
हातात आला तेव्हा सात महिन्यांचा, दोन दातांचा,
मला बघून किंचाळला.

अर्धा तास काही नाही, माझेच ठोके.
मग बरगडीपाशी काहीतरी खरवडलं,
राईएवढं नख.
"मी एवढा होतो?" ओजसनं विचारलं.
मी मुग्धाकडे बघितलं.
"तू? तू चांगला पावणेतीन किलो," ती म्हणाली
आणि बूट काढायला वाकली.

पाचवी.
आजीनं त्याला सगळं सांगून ठेवलेलं:
रात्री सटवाई येते, कपाळावर लिहून जाते.
त्यानं घरट्याशी पेन्सिल ठेवली
आणि वहीचा कोरा कागद, सात चौकोन आखून.
कपाळं फार लहान आहेत, म्हणाला,
जागा पुरायची नाही.

सकाळी कागद नव्हता.
पेन्सिलीवर दातांचे व्रण,
आणि लोकरीत, पिल्लांच्या मधेमधे खुपसलेले
आखीव कागदाचे कपटे.
"काय लिहिलंय बघूया?"
राहू दे, म्हटलं. त्यांना ऊब लागतेय त्याची.

मग कणीक मोजायच्या काट्यावर एकेक.
बहात्तर. सत्तर. चौऱ्याहत्तर, हा दांडगा.
सातवं काल एकोणचाळीस होतं,
आज बेचाळीस,
पोट मटारासारखं टच्च.
तीन ग्रॅम.
फ्रिजवरच्या कागदावर मी ते दोनदा गिरवलं.
त्याखाली मुग्धाचं अक्षर:
गुरुवार, चार वाजता, जुईचं ऑपरेशन.

जुई बाथटबमध्ये बसून माझा टॉवेल खातोय.
नाव बदलायचं का, विचारलं,
तर ओजस म्हणाला, कशाला,
त्याला कुठं माहीत आहे काही झालंय ते.